व्हिसाच्या रांगेतली मेजवानी

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण विद्यापीठाच्या व्हिसा-कचेरीत माझ्यापुढच्या पोरीने नुसत्या फोनवर मेजवानी घातली. खिडकीतल्या बाई तिला नुकत्याच म्हणाल्या होत्या, “नवा व्हिसा येण्याआधी मायदेशी गेलात, तर परत येता येणार नाही.”

फोन स्पीकरवर होता.

“आई, ताईच्या लग्नाला नाही जमणार गं. मैत्रिणी सोडतच नाहीत.”

“व्हिसा झाला ना?”

“कधीच झाला! आत्ता सगळ्याजणी माझ्या खोलीवर जेवताहेत.”

“मग एवढी शांतता कशी?”

“तोंडात घास आहेत ना!”

मला राहवेना. मी मागून ओरडलो, “अगं, इकडे वाढ की अजून!”

“मैत्रिणीचा आवाज बराच जाड आहे गं,” आई म्हणाली. “व्हिसा अडकलाय ना? खरं सांग, एकटीच आहेस ना?”