समई कुणी सरकवली?

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, प्रश्न नुसता मनात धरून बसा. माणसाने देवाला विचारावं तरी काय? — मागावं काय, असं नाही म्हणत मी! मागण्यात आपण सगळे पटाईत आहोत. विचारावं काय? हे करू की ते करू? इकडे जाऊ की तिकडे? विचारलं, त्याने सांगितलं, आणि पुढे बिघडलं — तर चूक कुणाची?

हं! खांबाला टेकलेले अण्णा हसले. त्यांना उत्तर ठाऊक आहे. थांबा अण्णा, घाई नको!

पेटीवाले, तो एकच सूर जरा धरून ठेवा. हळू... अजून हळू... असा. कारण आता आपल्याला समुद्रावर जायचंय.

वेळाशी नावाचं गाव. मागे डोंगर, पुढे खाडीचं तोंड, आणि मधे रवळनाथाचं दगडी देऊळ. सकाळी गाभाऱ्यात बसलं की पाण्याचा आवाज येतो. आला... गेला... आला... गेला. देवालाही डुलकी लागावी असा आवाज! या देवाची पूजा करणारे अंकुश गुरव. बोलायला कमी. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, कस्तुरी. चौदा वर्षांची, दोन वेण्या, आणि कुठेही बघत उभं राहायची खोड. आई दुकानात पाठवायची मीठ आणायला, ही तासाभराने यायची — मीठ नाहीच! ‘कुठे होतीस गो?’ ‘पाणी बघत होते.’

आता या देवाचा कौल फार प्रसिद्ध. कौल म्हणजे काय? देवाच्या काळ्या पाषाणावर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या. एक त्याच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. प्रश्न सांगायचा आणि गप्प उभं राहायचं. जी पाकळी आधी पडली, ते उत्तर! लग्न, विहीर, नवी होडी — सगळं गाव त्या दोन पाकळ्यांकडे श्वास रोखून बघायचं.

हसू नका! मीही बघितलंय. मला तबला शिकायचा होता. वडिलांनी कौल लावला, निघालं कॉमर्स! अकाउंटला तीनदा नापास झालो, आणि तिन्ही वेळा छाती पुढे काढून सांगितलं — ‘मी काय करू? देवाने सांगितलं होतं!’ पुस्तक उघडायला देवाने थोडंच अडवलं होतं? पण ते कोण लक्षात घेतो!

तर कस्तुरी. रोजच्या पूजेतही देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळी लावायची पद्धत. ही बसून बघायची — आज कुठली पडली? अकराव्या वर्षापासून वहीत लिहून ठेवायची. उजवी, उजवी, डावी, उजवी... तीन वर्षं! दहातल्या आठ वेळा उजवी. का बरं? देव काय एकाच बाजूचा आहे? आणि एका सकाळी तिला दिसलं — समई रोज उजवीकडे असते! उबेने पाणी वाळतं, पाकळी सुटते. बस्स, एवढंच.

पोर घाबरली हो. पाप केल्यासारखं वाटलं तिला. वही तांदळाच्या डब्यामागे लपवली आणि बापालाही बोलली नाही. देव खोटा ठरला का? छे! तिला वाटलं, देवाचं आणि उबेचं आपसात काहीतरी ठरलेलं असणार, आपल्याला अजून कळलेलं नाही. किती गोड विचार आहे, बघा.

त्याच वर्षी तिच्या शाळेतल्या पेडणेकरबाईंनी तिला एका परीक्षेला बसवलं. विद्यापीठाने नवी वाट काढली होती — गणित आणि विज्ञानात पुढे असलेल्या वीस मुलांना दहावीची वाट न बघता थेट विद्यापीठात घ्यायचं. कस्तुरीचा नंबर लागला! चौदा वर्षांची मुलगी कॉलेजात! पण अट होती, बरं का. पाच विषय निवडायचे, आणि पहिल्या वर्षात एकात जरी नापास, तर परत गावच्या शाळेत, नववीच्या बाकावर.

चार विषय ठरले. अडलं पाचव्यावर. फॉर्ममध्ये दोन नावं होती. एक, प्राथमिक बीजगणित. हे तिला सातवीतच पाठ! शंभरातले शंभर, झोपेत सुद्धा. आणि दुसरं, लाटांचं गणित.

निवड करण्याआधी एक आठवडा मुलांनी वाटेल त्या वर्गात बसून बघायचं, अशी तिथली रीत. कस्तुरी लाटांच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. सरांनी फळ्यावर एक वळणावळणाची रेघ काढली, खाली चार ओळी लिहिल्या. कळलं काय? काहीच नाही! आयुष्यात पहिल्यांदा या मुलीला काही कळलं नाही. शेजारची वीस वर्षांची मुलगी म्हणाली, ‘बाळ, या विषयात आमच्यातलेच अर्धे उडतात. तू दुसरं काहीतरी घे.’

गावी आली. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी उभी राहिली. आणि मंडळी, तिला दिसलं... एक लाट समुद्रावरून येतेय. दुसरी खाडीतून परत फिरलीय. दोघी समोरासमोर आल्या. भेटल्या. क्षणभर पाणी उंच उभं राहिलं. आणि मग? मग दोघी एकमेकींतून आरपार निघून गेल्या! जशा आल्या होत्या तशाच. ना ही मोडली, ना ती.

कशा गेल्या असतील? तुम्ही-आम्ही जन्मभर पाणी बघतो, कधी विचारलं? ती उभीच राहिली. ओहोटी लागली, पायाखालची वाळू सरकली, परकर भिजला. उत्तर कुठे होतं? त्या चार ओळींत! ज्या तिला कळल्या नव्हत्या.

घरी येऊन रडली. ‘बाबा, मला लाटा हव्यात. पण नापास झाले तर?’

अंकुश गुरव तिच्याजवळ बसले. त्यांना बीजगणित म्हणजे काय, लाटांचं गणित म्हणजे काय! म्हणाले, ‘रडा नको गो. सकाळी देवाक विचारूया. उजवी पडली तर लाटा, डावी पडली तर तुझा ता दुसरा.’

आणि तिला एकदम हलकं वाटलं! का हलकं वाटलं, सांगा. देव तिच्या मनासारखं सांगेल म्हणून? नाही हो! आता नापास झाले तरी ते माझ्यावर नाही, म्हणून! अण्णा, आता हसलात तरी चालेल.

सकाळ झाली. गाभाऱ्यात काळा पाषाण, ओला, चमकणारा. बाप फुलं आणायला परसात गेलेला. कस्तुरी समईत तेल घालायला आत आली, आणि बघते तर — समई रोजच्या जागी नाही! बरोबर मधोमध ठेवलेली.

पेटीवाले, सूर सोडू नका...

तिने समई उचलली. जड, पितळी, उबदार. तिला ठाऊक होतं ना! जिकडे ही जाईल, तिकडची पाकळी पडणार. डावीकडे ठेवली की बीजगणित — शंभर मार्क, सुख, सगळे शाबासकी देणार. उजवीकडे ठेवली की लाटा. बाहेर पाणी येतंय... जातंय... ज्योत हलतेय. पोर तिथे उभी, हातात दिवा, आणि तिला वाटलं आपण कमरेएवढ्या पाण्यातच उभ्या आहोत.

आणि हात हलला. तिने हलवला नाही, मंडळी, तो हलला! समई उजवीकडे टेकली.

‘समई सरकवलंस तू?’

दारात बाप! हातात फुलांची परडी. कस्तुरीचं तोंड पांढरं पडलं. ‘होय, बाबा.’

अंकुश गुरव आत आले. परडी खाली ठेवली. म्हणाले, ‘रोज मी ती उजवीकडे ठेवतंय. पण कुणाचो कौल लावूचो असलो, की मधी ठेवतंय. माका म्हायत आसा उबेचा. माझ्या बापाशीनच सांगितल्यान माका.’

तीन वर्षं वही लपवली होती हो तिने! आणि बापाला लहानपणापासून ठाऊक!

‘मग आता लावा कौल. मी मधे ठेवते परत,’ ती म्हणाली.

‘कित्याक? ज्याका म्हायत नाय काय व्हया ता, तेणा देवाक विचारूचा. तुका म्हायत आसा. आता देवाक कित्याक तरास?’ आणि त्यांनी परडीतून दोन पाकळ्या घेतल्या आणि पोरीच्या ओंजळीत ठेवल्या. ‘ह्यो तुझ्याकडेच ऱ्हवांदे.’

कस्तुरीने फॉर्म भरला. पाचवा विषय, लाटांचं गणित. आणि पुढे काय झालं? सगळं छान? अहो, पहिल्या चाचणीत पन्नासपैकी नऊ!

हॉस्टेलवरून फोन केला. आई म्हणाली, ‘अजून बदलता येतो ना गो विषय? बदल!’ मग बापाने फोन घेतला. कस्तुरी म्हणाली, ‘बाबा, देवाने सांगितलं असतं ना, तर आज मी देवावर रुसून घरी आले असते. पण समई मीच सरकवली. रुसू कुणावर?’

आणि ती राहिली. त्या सरांच्या खोलीबाहेर रोज वही घेऊन उभी. सर कंटाळले, पण ही हटली नाही! वर्ष संपलं. निकाल लागला. पास व्हायला चाळीस लागतात. कस्तुरीला पडले एकेचाळीस!

अंकुश गुरवांनी गावभर साखर वाटली. लोक चक्रावले — पोरीला शंभर मिळायचे तेव्हा कधी वाटली नाही, आणि एकेचाळीसला साखर?

संध्याकाळी बापलेक खाडीवर गेले. तिने दोन दगड उचलले, स्थिर पाण्यात दोन बाजूंना टाकले. दोन गोल पसरले, एकमेकांत शिरले, आरपार गेले. ‘बाबा, मला कळतं आता हे कसं होतं,’ ती म्हणाली. बापाने बघितलं. त्याला काही कळलं नाही. पण त्याने अजून एक दगड उचलून तिच्या हातात दिला. त्या बापाला माझा नमस्कार, मंडळी. डोळे भरून येतात माझे.

आता तुमच्याकडे वळतो. पुढच्या आठवड्यात कॉलेजांचे फॉर्म निघतायत. इथे निम्म्या घरांत भरले जातील. पोरगं एका कोपऱ्यात, आणि पेन काकांच्या हातात! आणि पोरांनो, तुम्हीही साळसूद नाही. ‘बाबा म्हणाले म्हणून’, ‘क्लासचे सर म्हणाले म्हणून’... हलकं वाटतं ना? मलाही वाटायचं. पन्नाशी उलटली, तबल्यावर अजून बोट पडत नाही माझं. ते कुणावर ढकलू?

सगळ्यांनी जरा डोळे मिटा. अण्णा, तुम्हीही, पण झोपू नका! देवासमोर उभे आहात. हातात समई आहे, जड, उबदार. दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. गावातलं कुणी बघत नाही. आता हात कुठे जातोय, बघा...

दिसलं? मग उघडा डोळे. आणि उद्या देवळात याल, तेव्हा त्याला विचारायला नका येऊ. त्याला सांगायला या.