प्राचीनं आईचा हात सोडवला

माह्या बाभुळगावच्या भाचीचं, प्राचीचं, तुमाले सांगतलंच पायजे. सतरा वर्षांची पोरगी, पण भेव काय असते हे तिले माईतच नोयतं. मैत्रिणींशी पैज लावली अन् चिंचेच्या झाडावरून खालच्या विहिरीत उडी मारली. पाण्यातल्या खडकावर आपटून मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून रॉड टाकला, अन् दोन-अडीच महिने पोरगी खाटेवर.

मंग डॉक्टर म्हणाले, आता चालवा. मी अन् तिच्या आईनं, माह्या ताईनं, दोन्हीकडून धरून तिले उभं केलं. पोरगी घामानं भिजली.

"मामा, मले भेव लागून राह्यलं."

"अन् उडी मारताना नाई लागलं?"

"तवा दुखते कसं, हे कुठं माईत होतं?"

तिनं ओठ आवळून पाय टेकवला. दुसरं पाऊल टाकलं तसा मी हात सोडला. ताई काही सोडेना.

"आई, सोड."

"नाई सोडत."

"मी नाई पडत वो!"

तिनं ताईची बोटं उकलून हात सोडवला अन् भिंत धरत धरत थेट दारापर्यंत गेली. मागं वळून पाह्यते तर ताई तशीच उभी, डोये गच्च मिटून.

पोरगी वरडली, "आई, डोये उघड ना! मी दारात उभी हाय!"