मुबश्शीरभाईंचा डावा हात

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पितांबर हळद प्रक्रिया केंद्राचे चेअरमन माननीय नेमसिंगजी चव्हाण साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले पोलीस पाटील सोमेश्वरराव, आजचे सत्कारमूर्ती, आपले हेडमिस्त्री शेख मुबश्शीरभाई, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या हलीमाभाभी, आणि अंगावरची हळद न झटकता थेट कामावरून इथं येऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी संतराम खिल्लारे, पॉलिशच्या ड्रमवरचा ऑपरेटर. मुबश्शीरभाई आज अठ्ठावन्न पुरे करून निवृत्त होत आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी पाच मिनिटं चार गोड शब्द बोलावेत अशी मला आज्ञा आहे. मी ते लिहून आणले होते. परंतु आत्ता ऑफिसच्या आकांक्षा मॅडमनी जे मानपत्र वाचलं, त्यात एक ओळ आली. 'एका अपघाताचा अपवाद वगळता निष्कलंक सेवा.' मॅडम, तुमचा दोष नाही, फायलीत होतं ते तुम्ही लिहिलं. पण ती ओळ ऐकली आन् माझं डोकंच फिरलं. कागद खिशात घातलाय. आता जे निघंल ते निघंल.

आपणास ठाऊक आहे का, की आमी दोघं इंग्रजी रॉकचे शौकीन आहोत? हसू नका. भाईंची भाची मुन्नी हैदराबादला शिकायला होती. तिनं मामूच्या मोबाईलमध्ये एका बँडचे अल्बम भरून दिले. बँडचं नाव घेत नाही, ते मला नीट घेता येत नाही आन् मंचावर फजिती नको. कुठल्यातरी थंड मुलखातली चार पोरं. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून गॅरेजात बसून स्वतःच रेकॉर्डिंग केलेलं. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर ओल्या बुटांचा जोड होता. इंग्रजी माझं दहावीत तीनदा गेलेलं, एक शब्द कळला नाही. पण ती गिटार सुरू झाली आन् मला वाटलं, उठावं आणि कुणाचं तरी थोबाड फोडावं! आपल्या ड्रममध्ये वाळलेली हळकुंडं आपटतात ना, बराबर तसा आवाज. त्या काळात माझं कुणाशीच पटत नव्हतं. जवळा बाजार गावच्या बाजारात एकाला मी कॉलर धरून वांग्यांच्या ढिगात पाडला होता, काहून तर त्याचा धक्का लागला. असा मी. आन् त्या अल्बमनं मला सांगितलं की बाबा, तुझ्यासारखे आणखीबी आहेत.

दुसरा अल्बम त्याहून जहाल. त्यातला ढोलवाला असा बडवायचा की चामड्याशी त्याची जुनी दुश्मनी असावी. चौथ्या गाण्यात गाणारा शेवटी नुसता ओरडतो. मीबी ड्रम चालू करून त्याच्यासंगं ओरडायचो, त्या गोंगाटात कुणाला ऐकू जायचं न्हाई. भाई मात्र शांत. ते कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे हे जुन्या लोकांना आठवत असेल. उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची. जेवणाच्या सुट्टीत ते या पोरांची गिटार बेंजोवर काढायचे आन् म्हणायचे, "साले चिल्लाते बहुत हैं, पण सुरात हायेत."

नऊ वर्षांमागं, ऐन हंगामात, तिसरा अल्बम आला. गिटार गायब. नुसती पेटी, म्हंजी त्यांचा तो पियानो, तीबी सावकाश. गाणारा कुजबुजून राहिला होता. पहिलं गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं, आन् मला वाटलं, या लोकांनी मला भरचौकात नागडं केलं. माझ्याकडं रागाशिवाय होतं काय हो? तेवढा एक माझा होता, आन् ह्यांनी तोबी खाली ठेवला. "गद्दार!" मी ओरडलो. भाई डावा हात बंद ड्रमच्या चौकटीवर टेकवून, डोळे मिटून ऐकून राहिले होते. म्हणाले, "संतराम, ये तो मेरे बेंजो का अल्बम है रे. राग थकलाय त्यांचा. तू बी बस जरा."

मी बसलो न्हाई. मी पाना उचलला आन् त्यांच्या त्या हातावर घातला.

साहेब, बेल वाजवू नका. भाई, तुमीबी हात नका करू. नऊ वर्षं तुमी मला गप बसवलंत, आज न्हाई.

मुकादम धावत आला तेव्हा चौकटीवरून रक्त गळून खालची हळद भिजली होती. भाईंनीच सांगितलं, "चालू पट्ट्यात हात गेला माझा, ड्रम मग बंद केला." दवाखान्यात मी विचारलं, काहून असं बोललात? म्हणाले, "तू जेलात जाशील रे, तुझ्या लेकरांनी काय करावं?" तीन बोटं मोडली. दोन आजबी वळत न्हाईत. बेंजो त्यांनी पार्टीवाल्यांना देऊन टाकला.

मिस्त्रीचाच हात पट्ट्यात जाणं म्हंजी केवढी नामुष्की, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला कळतं. खंडेनवमीला आपल्याकडं यंत्रांची पूजा होते, नारळ फोडायचा मान हेडमिस्त्रीचा. सतरा वर्षं तो भाईंनी फोडला. अपघातानंतर अपशकुन नको म्हणून मान काढला, आन् दिला कुणाला? मला! नवीन मजुरांना दर साली सुरक्षेचे नियम कोण सांगतो? मीच. "मुबश्शीर मिस्त्रीनं चालू पट्ट्यात हात घातला, तुमी घालू नका." ते तिथंच उभे राहून ऐकतात आन् मान हलवतात. लाज कशी वाटली न्हाई मला?

आता ही ओळ काचेच्या चौकटीत बसून त्यांच्या भिंतीवर लागंल, नातवंडं वाचतील. मी लागू देणार न्हाई. कुणी द्यायला पुढं आलं तर काच इथंच फोडीन, सांगून ठेवतो!... माफ करा, आवाज चढला. मॅडम, पेन घ्या, ती ओळ खोडा. तिथं लिहा, संतराम खिल्लारेनं त्यांचा हात फोडला. नको. मानपत्रात माझं नाव कशाला? तिथं नुसतं 'निष्कलंक' लिहा. माझं नाव फायलीत लिहा. माझी सात वर्षं नोकरी बाकी आहे, चेअरमन साहेबांनी तिचं काय करायचं ते करावं. पोलीस पाटीलबी बसलेत. मी पळून जात न्हाई.

तो तिसरा अल्बम मी पुढं दीड वर्षानं पुन्हा ऐकला. चांगला हाय. भाई बराबर होते. शेवटच्या गाण्यात पेटीवर एक चाल हाय, लई साधी, लई गोड. ती बेंजोवर कशी वाजली असती हे आता कुणालाच ऐकायला मिळणार न्हाई.

हलीमाभाभी, तुमालाबी हे ठाऊक नव्हतं, तुमच्या चेहऱ्यावरून दिसून राहिलं. दर ईदला तुमी माझ्या घरी शिरखुर्मा पाठवला. मी तो खाल्ला.

अध्यक्ष महोदयांनी दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ मी घेतला आणि आपण तो घेऊ दिला, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही चूक झाली असल्यास पदरात घ्यावी, अशी विनंती करून खाली बसायची रीत आहे. शब्दांची चूक जरूर पदरात घ्या. हाताची घेऊ नका. चूक एकदा होते. मी दोनदा मारलं.