रायफलीचं कपाळ

आधी कप खाली ठेवा, नाहीतर हसता हसता चहा अंगावर सांडेल. आपल्या सरावलीच्या राजननं आमच्या नेमबाजीच्या क्लबातल्या सगळ्यांचं डोकं खाऊन छऱ्यांची रायफल जुळवली. खांद्याला टेकवायचा बट वेगळा घेतला, गालाखालची पट्टी वेगळी, आणि नेम धरायची साइट तर खास जर्मनीची! दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पालघरला मॅच. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, कौतुकानं बघायला आलेल्या. ह्यानं साइटला डोळा लावला, तर सगळं काळं! बट खाली केला, पट्टी वर केली, दिसेल तो स्क्रू पिळला. वेळ संपत आली.

"काय झालं रं?" मागून काकू.

"आई, काय दिसतच नाय!"

मी मोबाइलचा टॉर्च मारला. साइटच्या बारीक भोकात कुंकू, आणि त्यावर चपखल बसलेली एक अक्षता!

"काल शस्त्रपूजा केली ना," काकू म्हणाल्या. "तिचं कपाळ कुठं हाय, मला काय म्हाईत? गोल दिसलं, तिथं लावलं."

काडीनं भोक मोकळं केलं. पहिलाच छर्रा बरोब्बर मधल्या ठिपक्यात! काकूंनी आमच्याकडे असं काही बघितलं, की आता दर दसऱ्याला अख्खा क्लब रायफली घेऊन त्यांच्या दारात उभा असतो. साइटला चिकटपट्टी लावून!