देवीचा कौल आणि शेवटची आगबोट

...आणि मॅट्रिक पास कोण झालं? मी! कॉलेजात जाणार कोण? मी! मग अर्ज कुठल्या गावच्या कॉलेजात धाडायचा, हे मला कुणी विचारलं? छे, नाव नको!

तुम्हाला सांगतो, आधी मास्तर आले. "शिवा, पुणं! शिकावं तर पुण्यात!" मग महिपतमामा, गिरणीतला, रजेवर गावी आलेला. "खुळा काय तू? मुंबय! माझ्या खोलीत इतकी माणसं हायत, त्यात तू खपून जाशील!" तेवढ्यात चुलीपासनं आई, "कोल्हापूर. बोर्डिंगात ऱ्हायला मिळतं, मोटारीनं जाता येतं. घरातला एक मानूस दर्यावर हाय, तो पुरे झाला." तो माणूस म्हणजे आमचे बाबा. आगबोट उभी राहते पार लांब समुद्रात. बंदरावरची माणसं पडावात घालून, वल्हवत तिच्यापर्यंत पोचवायची, हे बाबांचं काम.

मला मुंबईच हवी होती हो! मोठं कॉलेज, मोठी लायब्ररी, आणि संध्याकाळी समुद्र तरी आपलाच... पण मला विचारलं कुणी? नाव नको!

बाबा म्हणाले, "भांडता कशाला? देवीला कौल लावू." झालं! गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हे गाव, डावी पडली तर ते... पण खांदे दोन आणि गावं तीन! मग आधी पुणं आणि कोल्हापूर यांची झुंज लावली. कोल्हापूर जिंकलं, मास्तर छत्री उचलून चालते झाले. आता उजवीकडे मुंबई, डावीकडे कोल्हापूर... आणि पाकळ्या ढिम्म! मी म्हटलं हळूच फुंकर मारावी, तर गुरवाचे डोळे माझ्यावरच! "देवी इचार करत्येय. मंगळवारी या."

अहो, देवीला कसली घाई? घाई मला! पाऊस तोंडावर आलेला, एकदा बोटी बंद झाल्या की गणपती येऊन जातात तरी सुरू होत नाहीत! म्हटलं, "बाबा, सोमवारी मुंबईची शेवटची बोट." तर म्हणतात, "कौल मिळाल्याबिगर पाऊल उचलायचा नाय!" आणि सोमवारी हेच बाबा, गावातल्या वकिलांच्या मुलाला ट्रंकेसकट पडावात घालून त्या बोटीवर चढवून आले! मामाही त्याच पडावातनं गेला. जाताना काय म्हणतो? "कौल मिळाला की ये मागनं!" मी धक्क्यावर उभा. रडू आलं, खोटं कशाला सांगू?

मंगळवारी? लावल्या लावल्या उजवी पाकळी टपकन खाली! मुंबई! बाबांनी नारळ उचलला. मी म्हटलं, "बाबा, बोट?" बाबांचा हात नारळासकट वरच्या वर राहिला. "आयला..." देवीसमोर! लगेच जीभ चावली.

घरी येऊन म्हटलं, घाटानं जातो. मोटारीनं कोल्हापूर, तिथनं आगगाडीनं पुणं, तिथनं मुंबई. आई म्हणाली, "कोल्हापुरावरनंच जायाचा, तर तिथंच उतरलास तर काय बिघाडलं?"

मग बाबा माझ्या शेजारी येऊन बसले, खांद्यावर हात ठेवला, आणि इतक्या मायेनं म्हणाले, "शिवा, तुज्या मनात काय हाय रं? तुला कुठं जायाचा?"

विचारलं हो! शेवटी मला विचारलं! तिकडे आई बोर्डिंगात न्यायला सुक्या बांगड्यांची पिशवी बांधत होती...

म्हटलं, "कोल्हापूर."

आणि बाबा खूश होऊन आईला ओरडून सांगतात, "बग! पोराच्या मनासारका झाला!"