दोन वायरी, एक पाइप

पुरवणी जबाब

मी, वय ४६ वर्षे, व्यवसाय नेटवर्कचे आराखडे करणे, राहणार रुग्णालयामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, आज गुरुवारी दुपारी बारा वाजता स्वतःहून ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, मंगळवारी मी याच टेबलावर जबाब दिला होता. त्यातला एक भाग खरा नाही. तो दुरुस्त करण्यासाठी आले आहे.

रुग्णालयाचे सगळे स्कॅन चार यंत्रांच्या एका सामाईक साठ्यात राहतात. दोन यंत्रे तळमजल्यावर, दोन तिसऱ्या मजल्यावर. त्यांचा एकमेकांशी सतत संपर्क लागतो. संपर्क तुटून दोन-दोन अशी फूट पडली तर बहुमत कोणाकडेच राहत नाही, आणि चुकीचे काही साठवले जाऊ नये म्हणून चारही यंत्रे फायली देणे बंद करतात. असे होऊ नये म्हणून मजल्यांमध्ये दोन वायरी टाकतात आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी नेतात. वाटा ठरवणे हे माझे काम. एकवीस वर्षे करते आहे. माझ्या आराखड्यात एक वायर जिन्याजवळच्या पाइपातून, लाल रेघ. दुसरी एक्सरे विभागाच्या भिंतीतून, निळी रेघ.

सोमवारी सकाळी ११.१० वाजता जिन्याजवळ एसीचा ब्रॅकेट बसवताना ड्रिल पाइपात घुसले. ११.११ ला शस्त्रक्रिया चालू असताना पडद्यावरून मेंदूचा स्कॅन गेला. तो ११.४८ ला परत आला. डॉक्टर तेवढा वेळ हात वर धरून उभे होते, असे तिथल्या नर्सने मला सांगितले. मी विचारले नव्हते. ज्यांची शस्त्रक्रिया होती त्या बाई संध्याकाळी पाचच्या सुमारास गेल्या. त्यांचे वय ३४ होते.

मी ११.२० ला जिन्याजवळ पोहोचले. पाइप उघडला होता. आत एक वायर असायला हवी होती. दोन होत्या, दोन्ही तुटलेल्या. मी सर्वांसमोर म्हणाले, "मामांनी माझा आराखडा पाळला नाही." मामा म्हणजे आमचे वायरमन, वय ५६. सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते शिडीला धरून उभे होते. मंगळवारी मी तेच जबाबात सांगितले आणि त्यावरून आपण त्यांना ताब्यात घेतले.

आज सकाळी साडेनऊला मामांच्या पत्नी माझ्या घरी आल्या. मी "मामी, बसा" म्हटले. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "हा फाडून टाक म्हणून ह्यांनी निरोप धाडलाय. मला त्यातलं काही कळत नाही, ताई. पण खाली सही कुणाची आहे तेवढं वाचता येतं."

मी विचारले, "फाडायला का सांगितलं?"

"म्हणे, ताईंची अजून बारा वर्षं नोकरी आहे, माझी दोनच उरलीत. दोन वर्षांपूर्वी पोरीच्या लग्नात रजा मागायला लाजले हो हे, आणि आता बघा, कोठडीत बसलेत."

कागद माझ्याच आराखड्याची प्रत आहे. निळ्या रेघेवर पेनाने काट मारली आहे. लाल रेघेला चिकटून दुसरी रेघ ओढली आहे. बाजूला लिहिले आहे, 'तूर्त दोन्ही एकाच पाइपातून. चालेल.' अक्षर माझे आहे. सही माझी आहे. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. मी कागद दोनदा उलटा करून पाहिला. का, ते सांगता येत नाही.

सही केल्याचे मला अजूनही आठवत नाही. बोलणे आठवले. मामा माझ्या टेबलाशी आले होते. म्हणाले, "ताई, तुमच्या कागदावर भिंती फार पातळ असतात. एक्सरेची भिंत आहे, आत शिशाचा पत्रा आहे. फोडायची तर विभाग दोन दिवस बंद ठेवा."

मी म्हणाले, "मग घ्या दोन्ही एकाच पाइपातून."

"एका पाइपात दोन म्हणजे एकच झाली की."

"मामा, तुमचं रडगाणं आधीच सुरू! पुढच्या महिन्यात निळी वेगळी काढू."

"तसं लिहून द्या मग."

इथे मी हसले होते. ते नक्की आठवते.

पुढच्या महिन्यात निळी वायर काढली नाही. माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीत मात्र निळी रेघ तशीच राहिली. नंतर प्रत्येक तपासणीला मी तीच प्रत पाहिली आणि दोन वाटा आहेत असे लिहून दिले. पाइपाजवळ एकदाही गेले नाही.

दोन्ही वायरी एकाच पाइपातून न्यायला मी परवानगी दिली. मामांनी त्यांना सांगितले तसेच काम केले. धोका त्यांनी मला आधी सांगितला होता. त्यांना सोडावे. मूळ कागद मी आपल्याकडे जमा करत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मामी बाहेर रिक्षात थांबल्या आहेत, त्यांनी मला ठाण्यात चला असे म्हटले नव्हते.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'मी परवानगी दिली' याच्या आधी त्यांनी आपणहून 'चुकून' असे लिहिले होते. तो शब्द मी खोडायला लावला व खाडाखोडीशेजारी सही केली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.