विम्यावरचं दुसरं नाव

विमा कार्यालयाच्या बाकावर शिंपीणबाई आपला नंबर येण्याची वाट बघत होत्या. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात. ऐकायचं नाही म्हटलं तरी बोलणं कानावर पडतच होतं.

"लाल गाडी काय वाईट होती?"

"छान होती, आजोबा. पण इंजिन मोठं आणि मी नवशिकी. विम्यातच कंबरडं मोडलं असतं."

"म्हणून ही चिमुकली पांढरी?"

"तुमच्या जुन्या गाडीसारखी दिसते ना?"

"दिसते खरी. तुझी आजी आरसा स्वतःकडे वळवून केस नीट करायची. मला मागचं काही दिसेना, की गाडी बाजूला घ्यावी लागायची."

"चिडायचात?"

"चिडायचो तर. आमची निम्मी भांडणं त्या गाडीतच झाली. घर येईपर्यंत मिटायचीही."

"आजी गेल्यापासून तुम्ही चालवलीच नाहीत."

"शेजारी कुणी बोलायला नाही, मग कुठे जायचं गं?"

तेवढ्यात समोरच्या खिडकीतल्या कारकून बाईंनी नातीला बोलावलं. दोघं उठली.

"सोबत अनुभवी चालकाचं नाव दिलंत तर हप्ता बराच उतरेल. पण नावापुरता नको, खरंच चालवणारा हवा."

"तसं कुणी नाही. माझं एकटीचंच लिहा."

"थांबा बाई. माझं लायसन्स अजून चालू आहे."

"आजोबा, हप्त्यासाठी नका हं करू. मी भरेन."

"हप्त्याचं राहू दे. बाई, हल्ली मला लांबचा चष्मा लागलाय. तेही लिहून घ्या."